हिरवळ काढा, वाफे करा

एप्रिल लागला की पुण्याच्या उपनगरांत भल्या पहाटे टँकरची घरघर सुरू होते. आमच्या सोसायटीतही टँकर येतो. त्याची नळी जमिनीखालच्या टाकीत सोडतात, पंप चालू होतो आणि तासाभरात त्याच टाकीतलं पाणी बागेतल्या हिरवळीवर शिंपडलं जात असतं. लिफ्टशेजारच्या फळ्यावर मात्र सूचना असते की पाणी जपून वापरा, गाड्या धुऊ नका. रोज सकाळी हे बघताना मला राग येतो. राग आला म्हणून पाणी वाचत नाही, म्हणून काय करता येईल ते लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहरातल्या सोसायट्यांनी आपल्या बागेतली निदान अर्धी हिरवळ काढून टाकावी आणि त्या जागेत रहिवाशांना स्वतःच्या हातांनी भाजीपाला, फुलझाडं, औषधी झुडपं लावू द्यावीत. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे आधी हिशेब मांडते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात एक चौरस मीटर हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागतं. ५,००० चौरस फुटांची हिरवळ म्हणजे साडेचारशेहून जास्त चौरस मीटर झाले. रोजचं पाणी झालं अडीच हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर चार दिवसांनी एक टँकर नुसतं गवत पिऊन टाकतं. पानशेत-खडकवासल्याचा साठा किती उरला याच्या बातम्या आपण याच दिवसांत काळजीने वाचत असतो.

भाजीला पाणी लागत नाही का, असं कुणी विचारेल. लागतं, आणि भर उन्हाळ्यात जवळजवळ तितकंच लागतं. पण भाजीचा वाफा उन्हाळ्यात मोकळा ठेवता येतो. भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारलं जूनमध्ये पेरलं की ते पावसावर वाढतं. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो थंडीत निघतात, तेव्हा बाष्पीभवन कमी असतं. मार्च सरला की वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर अंथरायचा आणि जमिनीला विश्रांती द्यायची. कोपऱ्यात थोडा पुदिना, थोडं अळू राहिलं तरी पुरे. हिरवळीला अशी विश्रांती देता येत नाही. ती मे महिन्यात वाळली तर ‘बाग गेली’ म्हणून तक्रारी सुरू होतात, आणि मग पुन्हा नर्सरीतून लादीसारखे कापलेले गवताचे तुकडे आणि लाल मातीचा डंपर मागवला जातो. त्या खर्चाला वार्षिक सभेत कुणी हरकत घेतलेली मी ऐकलेली नाही.

मोठ्या सोसायट्यांतले लोक म्हणतील की आमच्या हिरवळीला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी जातं, टँकरचं नाही. चांगलं आहे. ते पाणी मोठ्या झाडांना द्या, फुलझाडांना द्या, संडासाच्या फ्लशला वापरा. कच्च्या खायच्या पालेभाजीला ते देऊ नये हे खरं, पण तेवढ्यासाठी घरात डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी पुष्कळ होतं. आज ते सिंकमधून सरळ गटारात जातं.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. आमच्याकडे न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला होतं आणि त्याची पन्हळ कधीही नुसती वाहून जात नसे. ती आधी अळवाच्या खाचरात उतरायची. अळू तृप्त झालं की पाणी पुढे केळींच्या आळ्यांत, तिथून दोन पोफळींच्या मुळाशी. भांडी घासायच्या जागेचं पाणी, त्यातली राख आणि खरकटं यांच्यासह, दुसऱ्या बाजूच्या कर्दळीला आणि कढीपत्त्याला. विहिरीतून रहाटाने ओढलेलं पाणी एकदा घरात वापरलं की त्याचा मागीलदारी पुन्हा वापर व्हायचा. माझी आजी कधी शाळेत गेली नाही, पण कुठलं पाणी कुठल्या झाडाला चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नारळाच्या किशीवरचं धुवण तुळशीला नाही, ते अबोलीला. माशांचं पाणी शेवग्याला किंवा लिंबाला, कधीही तुळशीकडे नाही. आम्ही पोरं ते करता करताच शिकलो. वेगळा धडा कुणी दिला नाही.

आता आमच्या सोसायटीची बाग बघा. कार्पेट हिरवळ, कडेने कापून चौकोनी केलेला पिवळा डुरांटा, सुपारीसारखे दिसणारे पण सुपारी न देणारे पाम, फायकस, कुंपणाला कोनोकार्पस. या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांना तो दिसतोच. या सगळ्या बागेत पूजेला एक फूल मिळत नाही, चहात घालायला गवती चहाची पात मिळत नाही, आमटीला कढीपत्त्याची दोन पानं मिळत नाहीत. पाट्या मात्र दोन आहेत. हिरवळीवर चालू नये, झाडांना हात लावू नये. इथे वाढणाऱ्या मुलांना मातीत हात घालायला अधिकृत अशी जागाच नाही. बाग त्यांच्या खिडकीखाली आहे आणि त्यांना तिथे काही करता येत नाही.

आणि ज्याला खरोखर करता येतं त्या माणसाकडून आपण काय करून घेतो? आमचे माळीमामा लातूरकडचे. गावी त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तुरीची. पाऊस आणि भाव दोन्ही हातचे गेले तेव्हा ते पुण्यात आले. इथे त्यांचं काम काय, तर यंत्राने गवत कापणं, डुरांटा छाटणं आणि नळी धरून उभं राहणं. एकदा पहिला पाऊस पडून गेल्यावर मी त्यांना बागेच्या कडेला बसलेलं पाहिलं. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा झाला. मग अंगठ्याने हलकेच ढकलला तर गोळा सुटा झाला. मला म्हणाले, “वाफसा आलाय ताई. आज पेरलं तर चौथ्या दिवशी कोंब वर.” पेरायला जागा कुठे होती? पण मीटर रूमच्या मागे एक अरुंद पट्टी पडीक होती. तिथे त्यांनी गावाकडून आणलेला घेवडा टोकला आणि कुंपणाच्या जाळीवर चढवला. दिवाळीच्या सुमाराला जाळी शेंगांनी भरली. चार-पाच घरांत त्यांनी ओंजळ ओंजळ शेंगा वाटल्या. पुढच्या महिन्यात व्यवस्थापन समितीने ती वेल उपटायला लावली. कारण दिलं की प्रवेशद्वारातून दिसते, शोभत नाही.

वेल उपटताना मामा म्हणाले, “या गवताला ना बी ना शेंग, नुसतं पाणी पितंय.” मला त्यावर काही बोलता आलं नाही. मराठवाड्यातला, विदर्भातला शेतकरी शहरात माळी म्हणून येतो, बीज, माती, ओल, कीड यांचं पिढ्यांचं ज्ञान घेऊन येतो, आणि आपण त्याच्या हातात फक्त कात्री देतो. वाफे झाले तर हाच माणूस आमचा गुरू होईल. त्याचा पगारही त्या मानाने वाढवावा लागेल, आणि तो वाढवलाच पाहिजे. गवताच्या लाद्या आणि टँकर यांतून वाचलेले पैसे त्यासाठीच वापरावेत.

हे सगळं नवं नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं की थोडक्या जागेत, घराच्या आसपास मिळणाऱ्या पालापाचोळ्यावर आणि उन्हाच्या नेमक्या हिशेबावर भरपूर पिकवता येतं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी त्यांच्यासोबत प्रयोग केले, कुणी आपल्या गच्चीत केले. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकामुळे कितीतरी मराठी घरांत कुंड्यांकडे बघण्याची नजर बदलली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी रसवंतीवाल्यांनी फेकलेली उसाची चिपाडं, वाळका पाला आणि अगदी थोडी माती घेऊन पिंपांत आणि पिशव्यांत फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातलाच ओला कचरा कुजवून बाग उभी केली. रोज हजारो कामगारांचं जेवण करणाऱ्या जागेतल्या माणसांना ते जमलं. दीडशे-दोनशे कुटुंबांच्या सोसायटीला का जमू नये?

जमण्याची सुरुवात पालापाचोळ्यापासून होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष, कडुलिंब, पिंपळ पानं गाळतात आणि शहरभर त्यांच्या शेकोट्या पेटतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला. तरी सकाळी फिरायला निघालं की डोळे चुरचुरतात. दम्याच्या पेशंटने या दिवसांत खिडकी उघडायची नाही हा जणू नियम झाला आहे. पुण्यात ‘ब्राउन लीफ’सारख्या उपक्रमातून लोक एकमेकांना वाळक्या पानांची पोती देतात-घेतात, हे या शहराचं भाग्य आहे.

करायचं काय ते सांगते. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशी जाळी घ्यायची, तिचा तीन फूट रुंद आणि चार फूट उंच गोल करायचा आणि एखाद्या झाडाच्या सावलीत उभा करायचा. खाली काटक्या. वर वाळकी पानं टाकून पायाने दाबायची, पाणी शिंपडायचं, थोडा शेणकाला किंवा आंबट ताक घालायचं आणि पुन्हा पानं. पर्जन्यवृक्षाची, कडुलिंबाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, वड, फणस यांची जाड चिवट पानं आधी चुरून घ्यावीत. पान हातात घेतलं की ओलसर लागलं पाहिजे, पिळलं तर थेंब पडता कामा नये. एवढं सांभाळलं की आठवडाभरात ढिगाच्या पोटात हात घालून बघा, हाताला चटका बसावा इतकी ऊब असते. थंडीच्या सकाळी जाळी हलवली तर वाफ निघते. महिन्यातून एकदा खालचं वर करायचं. चार-पाच महिन्यांत तळाशी काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत तयार होतं आणि कमरेपर्यंतचा ढीग पोटरीएवढा उरतो. मी हे आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला करते आहे. त्याला दुर्गंधी येत नाही. दुर्गंधी येते ती ओला कचरा हवाबंद कोंबून ठेवला की.

आमच्या बैठकीत हा विषय मी काढते तेव्हा पहिला शब्द येतो डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीतल्या टायरांत, उघड्या पिंपांत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या ताटल्या रिकाम्या करून घासल्या की प्रश्न मिटतो. वाफ्यात आणि पानांच्या ढिगात तो डास होत नाही. दुसरी शंका जास्त खरी आहे. नव्या सोसायट्यांत बाग पार्किंगच्या स्लॅबवर असते. ओल्या मातीचा एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन. तिथे अभियंत्याला विचारल्याशिवाय एक घमेलंही वाढवू नये. पण कुजलेल्या पानांचं मिश्रण मातीपेक्षा बरंच हलकं असतं, आणि गवताखालची माती काढून ते भरलं तर भार कमीच होतो. भाज्यांची मुळं उथळ असल्यामुळे जलरोधक थराला त्यांच्यापासून धोका नसतो. तिथे झाड लावू नये, विशेषतः पिंपळ, वड, उंबर कधीच नाही.

मग पिकवलेलं नेणार कोण, यावरून भांडणं होतील म्हणतात. होतील थोडी. वाफा जो राखतो त्याची त्या वाफ्यातली भाजी. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, अळू, तुळस, जास्वंद हे सगळ्यांचं. एवढे दोन नियम पुरतात. सत्यनारायणाच्या प्रसादाला, हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला आपण एकत्र येतोच ना? शेजारणीशी बोलणं सुरू व्हायला मूठभर मेथी फार उपयोगी पडते हे मी स्वतः अनुभवलं आहे. करोनाच्या काळात जिन्यात भेटूनही न बोलणाऱ्या दोन घरांत आमच्या ढिगामुळे जाणं-येणं झालं.

मुलांसाठी मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर काळपट-पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. बहुतेक लोक घाबरून औषध फवारतात. फवारू नका. ती चार-पाच दिवसांत हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग कोष, आणि पंधरवड्याच्या आत फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्या ब्लू मॉरमॉनला, म्हणजे नीलवंताला, राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. फुलपाखरू राज्याचं म्हणून जाहीर करायचं आणि त्याच्या अळीला खायला शहरात पान ठेवायचं नाही, हे मला मान्य नाही. तळमजल्यावरचा एक सात वर्षांचा मुलगा कढीपत्त्यावरचा कोष बघायला शाळेत जाण्याआधी रोज धावत यायचा. ज्या सकाळी पंख बाहेर आले त्या दिवशी त्याने आख्खी इमारत उठवली.

बी कुठून आणायचं? दुकानातली पाकिटं चालतील, पण त्यातली बरीचशी संकरित असतात, त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तसं पीक येत नाही. गावरान बी मागा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, घेवड्याचे, पालेभाज्यांचे कितीतरी गावरान वाण परसबागेतून जपले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते काम त्यांनी घराभोवतालच्या जमिनीवरून सुरू केलं. आपल्या प्रत्येकाच्या इमारतीत कुणाची तरी आई, आत्या, मावशी गावाकडे अजून बी राखून आहे. गणपतीला, दिवाळीला गावी जाल तेव्हा भेंडीचं, दोडक्याचं, वालाचं मूठभर बी मागून आणा. वाळलेलं बी राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवलं की किडत नाही.

या वर्षी निदान एक गोष्ट करून बघू. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हाताने पिकवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करायची, अशी आपली रीत. आता ती भाजी करायची म्हणून आपण मंडईत वाटे विकत घेतो, कुठल्या शेतातून आल्या ते कुणाला माहीत नसतं. लाल माठ महिन्याभरात येतो, भेंडी पन्नास दिवसांत, दोडका आणि पडवळ दोन महिन्यांत, मका अडीच महिन्यांत. अळवाचे कांदे जूनमध्ये लावले तर तोवर पानं हाताएवढी होतात. सुरण तेवढा विकत आणावा लागेल, त्याला सात-आठ महिने हवेत. दोनशे चौरस फूट जागा मिळाली तरी इमारतीतल्या प्रत्येक घराच्या पातेल्यात त्यातलं काहीतरी पडेल.

तुमच्या समितीच्या सचिवांना साधा अर्ज द्या. हिरवळीचा एक कोपरा, दोनशे चौरस फूट, एका पावसाळ्यापुरता आणि माळीमामांचे रोजचे दोन तास एवढंच मागा. चार घरांच्या सह्या घ्या, शक्य तर त्यात एक आजी आणि एक शाळकरी मूल असू द्या. जून निम्मा झाला की पेरणी मागे पडते. मृग ७-८ जूनला लागतो आणि त्याआधी गवत काढून, वाफे खणून, पालापाचोळा भरून ते तीन आठवडे ओले ठेवावे लागतात. म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या.